मीठ कोणी घेतलंय?

जंगलातल्या विश्रामगृहात दोन रात्री राहायचं, असं ग्रुपवर ठरलं की पहिले चार दिवस नुसते वाघाचे फोटो येतात. मिठाचा विषय कोणी काढत नाही. माझं मत विचाराल, तर असा मुक्काम तरतो किंवा बुडतो तो मिठावर. वाघाचा त्यात काही संबंध नाही.

मेळघाटच घ्या. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. डोंगर उभे, सागवान दाट, त्यामुळे वाघ आहे, पण दिसेलच असं नाही. ताडोब्याच्या सवयीने इथे आलात तर तो तुम्हाला पाहून घेईल, तुम्ही त्याला नाही. मीठ मात्र पहिल्याच संध्याकाळी लागतं.

आरक्षण ऑनलाइन होतं, पण त्यात एक मेख आहे. ओळखपत्रावरचं नाव लागतं. सगळे ज्यांना जन्मभर नाना म्हणत आले, त्यांचं आधारवरचं नाव त्यांच्या जावयालाही ठाऊक नसतं. ते आधी विचारून घ्या. पावती छापूनच न्या. मेळघाटातलंच हरिसाल 2016 साली ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं, पण त्या भरवशावर नाक्यावर फोन उंच धरून उभं राहू नये.

मग विश्रामगृहाला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: खानसामा आहे का, शिधा आपला की तिथला, आणि भांडी कितीजणांची. आपली मंडळी विचारतात गीझर आहे का. आतल्या जुन्या विश्रामगृहात पाणी चुलीवर तापतं आणि बादलीतून येतं. डिसेंबरात जो शेवटी उठतो, त्याला ते कोमट मिळतं.

आता शिधा. सहा माणसं, दोन रात्री, म्हणजे तीन मोठी जेवणं, अठरा पानं. माणशी पाऊण मूठ वगैरे हिशेब घरी ठेवा. पानामागे 75 ग्रॅम तांदूळ, 100 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम डाळ धरली की दीड किलो, दोन किलो आणि एक किलो असं सामान होतं. दोन नाश्त्यांना किलोभर पोहे. बटाटे-कांदे दोन-दोन किलो, तेल लिटरभर. पालेभाजी नेऊ नका. डिकीत दुपारभर तापलेली मेथी संध्याकाळी ओळखू येत नाही. दुधाच्या पिशव्याही नकोत, पावडर न्या.

सगळ्यांचं चुकतं ते चहात. सहाजणांच्या सात फेऱ्या म्हणजे 42 कप. कपाला अडीच ग्रॅम धरली तर चहापत्ती 100 ग्रॅमच्या थोडी वर जाते. कागदावर हे बरोबर आहे. पण रानात करण्यासारखं काहीच नसल्यामुळे माणूस चहा पितो. पाव किलो घ्या, साखर किलोभर.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरलं तर वीस लिटरचे दोन जार होतात. ते डिकीत उभेच ठेवायचे आणि मधे तांदळाची पिशवी कोंबायची नाही. वाटेतल्या घटांगच्या वळणांवर जार कलंडतो, झाकण सुटतं, आणि कोलकासच्या विश्रामगृहाला पोहोचेपर्यंत तांदूळ भिजलेले असतात, भात लावायलाच काय तो उशीर. मधे सतरंजी कोंबा. तीही भिजेल, पण तिचा भात करायचा नसतो.

जंगलात शिरण्याआधीचं परतवाडा हा शेवटचा थांबा समजा. पेट्रोल, एटीएम, मेणबत्त्या, काडेपेटी सगळं तिथे. यूपीआय नेटवर्कवर चालतं, म्हणून शंभराच्या नोटा घ्या. पाचशेची नोट पुढे केलीत, तर सुट्टे कोणाकडेच नसतात आणि बक्षिसी चारशेने वाढते.

पॉवर बँकेवर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या बॅटरीचं. फोनला ते 5 व्होल्टवर पोहोचेपर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरतं. म्हणजे एक फोन पुरता आणि दुसरा थोडासा. सहाजणांत एकच पॉवर बँक असेल तर वाघापेक्षा माणसांची भीती बाळगा. टॉर्च वेगळा हवा, सुटे सेल हवेत, आणि सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण विंचवाला ते तुमचे आहेत हे माहीत नसतं. खिडकी उघडी टाकून केळी टेबलावर ठेवू नयेत. वानरं बाहेर रांगेत बसलेली असतातच.

अंधार पडायच्या आत पोहोचा. रस्त्यावर गवा उभा असला तर हॉर्न वाजवू नका, गाडी थांबवा. तो टनाच्या घरात जातो आणि त्याला घाई नसते. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, ती खायला अस्वलं येतात. तेव्हा जेवणानंतर शतपावलीची सवय असलेल्यांनी व्हरांड्यातच चकरा माराव्यात.

एवढं सगळं केलंत तरी संध्याकाळी सातला खानसामा दारात येऊन विचारतो, ‘‘साहेब, मीठ कुठी ठेवलं जी?’’ सहाजण एकमेकांकडे बघतात. म्हणून मीठ दोन पुड्यांत, दोन वेगवेगळ्या माणसांकडे द्यावं, आणि त्यांतला एकही नाना नसावा.

निघताना कचरा परत आणायचा असतो. त्याची पिशवी कोणाच्या गाडीत जाणार, हे आरक्षणाच्या दिवशीच लिहून घ्या. शेवटच्या सकाळी विचारलंत तर सगळ्यांचीच डिकी भरलेली असते.