जाऊन-येऊन किती पडलं?

विमानाचं तिकीट काढणं हे ज्यांना दहा मिनिटांचं काम वाटतं, त्यांनी खुशाल दहा मिनिटांत काढावं आणि सासरच्या लग्नात मान खाली घालून जेवावं. नागपूरच्या मांडवात पाऊल टाकल्यावर प्रवास कसा झाला, हे कुणी विचारत नाही. साडू पाण्याचा ग्लास हातात देतानाच विचारतो, ‘काय मग, जाऊन-येऊन किती पडलं?’ या प्रश्नाच्या उत्तराची तयारी डोंबिवलीत निदान दोन महिने आधी सुरू झाली पाहिजे.

तेव्हा रिटर्न तिकीट एकदम काढायचं नाही. जायचं वेगळं बघा, यायचं वेगळं बघा, मग दोन्ही एकत्र बघा. देशातल्या देशात रिटर्न म्हणजे बहुतेक वेळा जायचं भाडं अधिक यायचं भाडं, बास. घाऊक सूट वगैरे काही नसते, त्यामुळे बेरीज कशीही केली तरी तीच येईल. खचून जाऊ नका. ब्राउझरची गुप्त खिडकी उघडा, बायकोचा फोन घ्या, शेजाऱ्यांचं वायफाय मागा. एवढं करूनही भाडं वाढलंच, तर कंपनी तुमच्यावर पाळत ठेवून आहे हे पक्कं समजा. तुम्ही वायफायचा पासवर्ड मागत होतात तेवढ्यात स्वस्तातल्या सीटा दुसऱ्या कुणी उचलल्या असतील, असली पाचकळ शंका मनात आणू नका.

आता मुख्य विद्या. घरची माणसं सहा असली तरी सहा जणांचं भाडं एकदम कधीच विचारायचं नाही. विमानातल्या सीटा भाड्याच्या टप्प्यांत विकल्या जातात. समजा सगळ्यात खालच्या टप्प्यात, ४,२०० रुपयांच्या, चारच सीटा उरल्यात आणि पुढचा टप्पा ५,१०० चा आहे. तुम्ही सहा जण मागितलेत की यंत्रणा चौघांना स्वस्त आणि दोघांना महाग असं सहसा करत नाही. ती सहाही जणांना उचलून वरच्या टप्प्यात बसवते: ३०,६०० रुपये. तेच आधी चार काढलीत आणि मग दोन, तर २७,०००. एका खेपेला ३,६०० वाचले. इथवर सगळं खरंच शहाणपणाचं आहे, आणि म्हणूनच इथे थांबायचं नाही.

कारण आता ते महागातले दोघे कोण, हे ठरवायचं आहे. ही चर्चा रात्रीच्या जेवणानंतर, सगळे हजर असताना करावी. आजोबा म्हणतील, ‘मला महागातलं नको, मी सेवाग्रामने येतो.’ आजी म्हणतील, ‘यांना एकटं सोडायचं नाही.’ सीट तीच, विमान तेच, उडणारही एकाच वेळी, हे समजावण्यात अर्धा तास घालवा. तोवर चारातल्या दोन सीटा जातील आणि हिशेब नव्याने मांडायला मिळेल.

बुकिंग फोडताना सातवीतल्या बंटीला आजी-आजोबांच्या तिकिटात टाकावं की आई-बाबांच्या, यावरही खल व्हावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, बाबा किंवा पालकाशेजारची सीट द्यावी, असं डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. पीएनआर वेगळा झाला की हा आधार गेला. मग शेजारची सीट पैसे मोजून घ्यायची, आणि वाचलेल्या ३,६०० ला तिथे पहिलं भोक पाडायचं. दोन पीएनआर असले की विमान रद्द झाल्यावर अर्ध्या घराला संध्याकाळचं आणि अर्ध्या घराला उद्याचं मिळायचीही सोय होते. हळदीला कोण आणि लग्नाला कोण, हा प्रश्न परस्पर सुटतो.

जायचं-यायचं वेगवेगळं काढण्याचा खरा फायदा एवढाच, की ज्या दिशेला जी कंपनी स्वस्त ती घेता येते. मुंबईकराला तो विशेष लाभदायक आहे. जाताना टर्मिनल एक, येताना टर्मिनल दोन. नकाशावर दोन्ही एकाच विमानतळाची, पण मध्ये रस्ता आणि त्या रस्त्यावर मुंबई. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. गाडी टर्मिनल एकच्या पार्किंगमध्ये ठेवून गेलात आणि परतीचं स्वस्त विमान तिकडे उलव्याला उतरलं, तर गाडी आणायला जाणाऱ्या माणसाने उरलेल्या पाच जणांना बॅगांवर बसवून जावं. निम्मी मुंबई पाहून होते.

वेळ निवडताना पहाटे साडेपाचच्या विमानाखेरीज कशाकडे बघू नका. ते स्वस्त का असतं हे विचारणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत. साडेतीनला विमानतळावर, म्हणजे सव्वादोनला डोंबिवलीतून निघणं आलं. लोकल तेव्हा झोपलेली असते. भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांपाशी थांबते खरी, पण तिची पहिली गाडी सुटते तेव्हा तुमचं विमान आकाशात असतं. राहता राहिली टॅक्सी. सहा जण आणि आहेराच्या बॅगा म्हणजे दोन टॅक्स्या. टॅक्सीचे पैसे विमानाच्या हिशेबात धरायचे नाहीत, हा या शास्त्रातला मूलभूत नियम.

तसाच नियम सामानाचा. पंधरा किलोंत जाताना सगळं बसतं. येताना मानाच्या साड्या आणि प्रत्येक मावशीने वेगळी दिलेली संत्रा बर्फी असते. जादा किलोचे पैसे ‘खाण्यापिण्याचा खर्च’ या रकान्यात टाका.

परदेशी जायचं असेल तर सगळं उलटं. मोठ्या कंपन्यांची लांब पल्ल्याची रिटर्न तिकिटं पुष्कळदा दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतात, कधी कधी तर एकेरीपेक्षाही. पुतण्या शिकायला चाललाय, परत यायचं ठरलेलं नाही? रिटर्न काढा आणि यायचं सोडून द्या. हीच युक्ती मागून पुढे लावायला मात्र विसरू नका: जायचं सोडा आणि परतीच्या दिवशी थाटात काउंटरवर जा. पहिली खेप चुकवली की कंपनी पुढच्या खेपा सहसा रद्दच करून टाकते. ‘पैसे भरलेत, सीट माझीच’ हे वाक्य तिथे मराठीत, मग हिंदीत, मग चढ्या आवाजात म्हणून पाहावं.

कन्व्हिनियन्स फी नावाची एक गंमत शेवटच्या पानावर भेटते. ती सहसा दर माणशी, दर खेपेला लागते; सहा जण जाऊन-येऊन म्हणजे बारा वेळा. लग्न पुढे ढकललं गेलं आणि तिकीट रद्द केलंत, तर ती बहुधा परत येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याचं शुल्क, मात्र नॉन-रिफंडेबल तिकिटावरही परत मिळायला हवं, असा नियम आहे. पण ते मागत बसायला वेळ कुणाला? आपण दिवाळीची भाडी बघायला घेतलेली असतात.

तर, साडू विचारेल तेव्हा फक्त बेसिक फेअर सांगा, तेही एका माणसाचं, तेही जायचं. आवाज सहज ठेवा, जणू आठवून सांगताय. तो क्षणभर गप्प होईल. मग मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणेल, ‘आम्ही पॉइंट्सवर आलो. टॅक्स तेवढा भरला.’ अशा माणसाशी पंगतीत वाद घालू नये. कार्ड कुठल्या बँकेचं आहे, एवढंच हळूच विचारून घ्यावं.