नॉर्ड स्ट्रीम गळती : ‘साफसफाईचा खर्च शून्य’ या दाव्याबाबत खुलासा

रशियातून जर्मनीकडे बाल्टिक समुद्राच्या तळावरून नैसर्गिक वायू नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या फुटल्या तेव्हा वायू हवेत विरून गेला, त्यामुळे साफसफाईचा प्रश्नच आला नाही आणि कार्बनची भरपाई युरोपच्या कार्बन बाजारात (जिथे कंपन्यांना प्रदूषक वायू सोडण्याचे परवाने घ्यावे लागतात) आपोआप झाली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात खरे एवढेच की तेलासारखा तवंग किनाऱ्याला लागला नाही.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ स्फोटांमुळे या वाहिन्यांच्या चारपैकी तीन नळ फुटले आणि समुद्राचे पाणी सुमारे एक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात उकळल्यासारखे खदखदत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४.६५ लाख टन मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, बाहेर पडला. तेवढाच वायू चुलीत किंवा वीजकेंद्रात जळला असता, तर साधारण १२.८ लाख टन कार्बन डायऑक्साइड तयार झाला असता. न जळता सुटलेल्या मिथेनचा शंभर वर्षांचा तापवणारा परिणाम मात्र, एक टन मिथेन म्हणजे २८ टन कार्बन डायऑक्साइड हे प्रमाण धरले तरी, सुमारे १.३ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, म्हणजे जवळजवळ दहापट होतो.

भरपाईचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे, कारण त्या वेळी युरोपच्या कार्बन बाजारात कार्बन डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि परफ्लुरोकार्बन या वायूंचाच हिशेब होत असे, मिथेनचा नाही. शिवाय स्फोटाने तळाचा गाळ ढवळला गेला, ज्यात शिसे आणि जहाजांच्या जुन्या रंगातील ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन होते; तो कोणी उपसून काढलेला नाही. खर्च झाला नाही आणि नुकसान झाले नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत.