‘जाड तार टाका, मोटर जोमात पळवा’ म्हणे!

सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फ्यूज सारखा उडत असेल तर किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनीमातीच्या खटक्यात) वायरीच्या तीन तारा पिळून टाका, करंट मोकळा वाहतो आणि मोटर जोमात पळते. सोलरला गाडीचा फ्यूज चालतो, फक्त अँपिअर जुळवा. फ्यूज असला की शॉक लागत नाही. न्यूट्रललाही फ्यूज टाका, डबल सेफ्टी. लहान फ्यूजनं बिल वाचतं. फ्यूज जुनाट झाला, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावा. आणि डीपीवरचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला) फ्यूज स्वतःच टाकायला शिका, वायरमनचे पाय धरू नका. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

दुर्लक्ष केलं असतं. पण तासगावकडं आमचे थोरले मामा आहेत, त्यांनी हे वाचून घरच्या किटकॅटमध्ये खरंच तीन तारा पिळून घातल्या आणि वर मलाच मेसेज पाठवला, ‘बघ, शिक जरा.’ तर शिकूया.

आधी तीन तारा. घरात साधारण दीड चौरस मिलिमीटरची वायर असते. तिच्यात ०.३ मिलिमीटरच्या बावीस बारीक तारा असतात. तांब्याची ०.३ ची एक तार उघड्यावर साधारण १३ अँपिअरला वितळते. तीन घातल्या की ३५-४० अँपिअरपर्यंत काही होत नाही. आणि भिंतीतली दीड चौरसची वायर सोसते किती? पंधराच्या आसपास. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे दहावीच्या विज्ञानात आहे. म्हणजे ३० अँपिअर वाहतोय, किटकॅट थंडपणे बसलाय आणि भिंतीच्या आत पाइपमध्ये वायरीचं प्लास्टिक मऊ होतंय. फ्यूज हा यंत्रासाठी नंतर, वायरीसाठी आधी असतो. सगळ्या सर्किटमध्ये सगळ्यात कमजोर जागा तीच हवी. ती जागा तुम्ही मजबूत केलीत तर दुसरी कुठलीतरी कमजोर ठरणार, आणि ती माळ्यावर कडब्याशेजारी असेल.

‘करंट मोकळा वाहतो’ याचंही गणित करून टाकू. अर्ध्या मिलिमीटरची, पाच सेंटिमीटर लांब फ्यूज तार आठ अँपिअरवर किती व्होल्ट खाते? एका व्होल्टचे तीन-चार शतांश. ४१५ व्होल्टांत तेवढ्यानं मोटर जोमात पळणार असेल तर मी हा धंदा सोडतो. संध्याकाळी मोटर दमते ती लाइनचं व्होल्टेज पडल्यामुळं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी ओढायला मोटर जास्त करंट खेचते, फ्यूज त्यामुळं उडतो. तो तक्रार करतोय, तुम्ही त्याचं तोंड बांधताय. कधी कधी कारण याहून साधं असतं: किटकॅटचा स्क्रू ढिला, नाहीतर आवळताना तार अर्धी कापली गेलेली.

मग किती घालायची? टिन केलेल्या तांब्याच्या फ्यूज तारेला ठरलेली मापं आहेत: ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटर, १० ला ०.३५, १५ ला ०.५, ३० ला ०.८५. आणि १५ ची तार १५ ला उडत नाही. ती तुटायला जवळपास दुप्पट करंट लागतो. म्हणून दीड चौरसच्या वायरीवर १० ची तार बास झाली.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. मोटरीचा फ्यूज तिच्या चालू करंटापेक्षा मोठाच लागतो. पाच एचपीची थ्री फेज मोटर सात-आठ अँपिअर घेते, पण थेट चालू करताना क्षणभर सहापट खेचते. मेसेज लिहिणाऱ्यानं हे कुठंतरी अर्धवट ऐकलं असणार. पण त्याचं माप स्टार्टरच्या कागदावर दिलेलं असतं, पिळलेल्या तारांनी ते ठरत नाही. ओव्हरलोड बघणं हे स्टार्टरमधल्या रिलेचं काम, जास्त करंट वाहत राहिला की तो मोटर बंद करतो, आणि रिले मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावायचा, डायल शेवटपर्यंत फिरवून ठेवायचा नाही. तिन्हीपैकी एकच फ्यूज उडाला तर मोटर दोन फेजवर घुमत राहते आणि जळते, हेही खरं. त्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, एक फेज गेली की तो मोटर बंद करतो. घ्या की!

सोलरचा सल्ला तर कहर आहे. गाडीच्या ब्लेड फ्यूजवर अँपिअरशेजारी ३२ व्होल्ट छापलेलं असतं. सोलर पंपाच्या पॅनेलची माळ कित्येकशे व्होल्ट डीसी देते. तिथं तो फ्यूज वितळेल, पण ठिणगी विझणार नाही. एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून तिथं ठिणगी मरायला वाव मिळतो. डीसीत तो नाही. त्यासाठी डीसीचे वेगळे फ्यूज मिळतात, त्यावर ‘जीपीव्ही’ लिहिलेलं असतं.

शॉक: माणसाला वाचवणारा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरला पडतो. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलीअँपिअर. पुढचं तुम्हीच ताडा.

न्यूट्रलला फ्यूज ही डबल सेफ्टी नव्हे, सापळा आहे. न्यूट्रलचा उडाला की दिवा बंद, फेज मात्र होल्डरपर्यंत जिवंत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम (आधी २०१० चे, आता २०२३ चे) सांगतात की अर्थिंग केलेल्या (जमिनीशी जोडलेल्या) न्यूट्रलमध्ये नुसता फ्यूज किंवा सुटा स्विच घालायचा नाही. घालायचाच तर फेजसकट एकदम तुटणारा जोडस्विच. मेसेजपेक्षा मी हे मानतो.

बिल मीटरच्या युनिटवर येतं, फ्यूजवर नाही. शिवाय मेसेजात वर जाड तार, खाली लहान फ्यूज. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी वाचायचा.

एमसीबी लावा, हे बरोबर आहे. लावाच. पण दीड चौरसच्या वायरीवर ३२ चा एमसीबी लावलात तर तीन तारांचाच उद्योग झाला, फक्त महाग.

राहिला डीपी. वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट असतात आणि तिथं दरवर्षी माणसं मरतात. पेटीत जाड तार घातली तर शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो, मग अख्ख्या शिवाराचं पाणी बंद. डीपीच्या पेटीला हात लावू नका, १९१२ ला फोन करा. पेटीत आधीच कुणी तारा पिळून घातल्या असतील तर वायरमनला तेही सांगा, म्हणजे लाइन बंद करून तो आधी त्या काढेल.