निवृत्त फोनची नवी नोकरी

आमच्या घरी काहीही टाकून देत नाहीत. माळ्यावर रिमोटांची एक पिशवी आहे. त्यांचे टीव्ही केव्हाच गेले. शेजारी फ्लॉप्या. एकीत १.४४ एमबी मावायचं, म्हणजे हल्ली मामांचा 'शुभ सकाळ'वाला व्हिडिओसुद्धा तिच्यात बसायचा नाही.

मग या अडगळीत चिरंजीवांचा जुना फोन गेला. किटकॅट नावाच्या जुन्या अँड्रॉइडवरचा. २०२५ उजाडलं आणि त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फेकू नका. कॅमेरा करू."

सोलापुरात कॅमेऱ्यानं राखावं असं एकच धन, ते म्हणजे नळ. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून येतं आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड, तेही भलत्या वेळी. फोन नळासमोर बांधला, कायमचा चार्जिंगला लावला. हालचाल दिसली की माझ्या फोनवर घंटा.

पहिल्या रात्री पाल दिसली. मग मांजर. मग दोरीवरची चादर हलली. दर वेळी मी बादली घेऊन अंगणात. दिवसा बेचाळीस अंशांत फोनच म्हणायचा, 'तापलोय, थंड होऊ द्या.' त्याला सावली म्हणून टॉवेल टाकला, तर तो निष्ठेनं टॉवेलवर पाळत ठेवून बसला.

आईनं आपली जुनी पद्धत सोडलीच नव्हती: नळ उघडा, खाली पालथं पातेलं. आधी नळ फुसफुसतो, मग पातेलं ताडताड वाजतं आणि गल्ली उठते. याच गावात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून चादरीवर नक्षी उतरवणारे जॅकार्ड माग आहेत. युक्ती १८०४ सालची. त्या पुठ्ठ्यांनी कधी 'अपडेट करा' म्हटल्याचं ऐकलंय?

मे संपता संपता फोनची पाठ पुरीसारखी फुगली. उन्हात सतत चार्जिंग, बॅटरीत वायू साठलेला. ही म्हणाली, "अहो, आधी ते घराबाहेर काढा!"

भंगारवाल्यानं रद्दी तोलली, लोखंड घेतलं. फोन बघून दोन पावलं मागं सरला. "हे नको ओ. टोचलं तर पेटतंय. ई-कचरा घेणाऱ्याला द्या."

मग गाडा ढकलता ढकलता थांबला.

"चार्जर हाय का पण? आमच्या पोराच्या फोनला बसतंय ते."