शिल्लक रजा आणि शेवटचे पन्नास दिवस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

निवृत्तीआधी साठलेली रजा मी कशी वापरली, यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्याला आठवडा झाला. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात तुमचं एक वाक्य डोक्यात राहिलं आणि ते काही जाईना, म्हणून उत्तराला उशीर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. काम न करता पन्नास दिवस पगार घेणं ही फसवणूक आहे. जाणारा सुटतो, मागे राहिलेले मरतात. तुमच्या विभागातला एक जण असाच गेला आणि दोन महिने त्याचं टेबल तुम्ही ओढलंत. तुमच्या स्वतःच्या निवृत्तीला आता 14 महिने आहेत, रजा 96 दिवस शिल्लक आहे, तरी तुम्ही शेवटच्या संध्याकाळपर्यंत हजर राहणार आहात.

फसवणुकीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. भरपगारी रजा ही वर्षभर काम केल्यावर खात्यात पडते. म्हणजे काम आधी होतं, रजा नंतर मिळते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये हेच म्हटलं: रजेचा पगार म्हणजे पुढे ढकललेलं वेतन, तो काम करता करता कमावला जातो आणि कमावलेला काढून घेता येत नाही. (गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा देशपातळीवरचा कायदा नाही. पण एकदा दिली की ती कोणाची, यावर कॅलिफोर्नियात वाद उरला नाही.) मी त्या पन्नास दिवसांत जो पगार घेतला तो आधीच्या वर्षांचा होता. उशिरा उचलला, इतकंच.

‘रजा विकून पैसे घ्यायचे होते, निदान कोणाला त्रास नसता झाला,’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे मला हिशेबच मांडावा लागेल. माझ्या खात्यात 74 दिवस होते. आमच्या नियमाप्रमाणे निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त 45 दिवसांचे पैसे मिळायचे. उरलेले 29 बुडणार होते, म्हणजे त्या 29 दिवसांपुरता ‘रजा की पैसे’ असा प्रश्नच नव्हता. शिवाय रोखीकरण फक्त मूळ वेतनावर होतं, भत्ते त्यात धरत नसत. रजेवर असताना मात्र पूर्ण पगार, विमा चालू, निवृत्तिनिधीची वर्गणी चालू, आणि मधले शनिवार-रविवार नि दोन सार्वजनिक सुट्ट्या रजेत मोजल्या गेल्या नाहीत. मी 34 दिवस लावले, कॅलेंडरवर ते पन्नास झाले. रजेवर असतानाही रजा जमतच राहते, तसे आणखी तीन दिवस पडले. निघताना 43 उरले, त्यांचे पैसे घेतले. एकही दिवस बुडाला नाही.

हे गणित सगळीकडे सारखं नसतं. भारतात केंद्र सरकारच्या नोकरीत 300 दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे निवृत्तीला मिळतात आणि त्यात महागाई भत्ताही धरतात. तिथे विकणं परवडू शकतं. युरोपीय संघात उलट आहे: वर्षाला किमान चार आठवडे रजा, आणि नोकरी चालू असताना तिच्या बदल्यात पैसे देता येत नाहीत. नोकरी संपल्यावरच देता येतात. व्हिएन्नाच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने स्वतःहून निवृत्ती मागितली, म्हणून त्याला हे पैसे नाकारले गेले. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की नोकरी कोणत्या कारणाने संपली याला महत्त्व नाही. तेव्हा ‘विकायची होती’ हे वाक्य आपला नियम वाचल्याशिवाय कोणी कोणाला सांगू नये. मीही मागच्या लेखात माझं गणित फार सरसकट लिहिलं होतं, तेवढं मागे घेतो.

आता ते अडकलेलं वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘तो सुखाने गेला, त्याच्या फायली मात्र माझ्या स्वप्नात आल्या.’

मी हिशेब विभागात होतो. जाण्याआधी दोनशे पानी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं: कोणती नोंद कधी करायची, कोणाकडून काय मागवायचं, महिनाअखेरीला कशानंतर काय. वहीचा मला अभिमान होता. रजेच्या चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीचा फोन आला. ‘सर, या दोन रकमा उचंत खात्यात का टाकल्यात? वहीत फक्त टाकायच्या असं लिहिलंय.’ (उचंत खातं म्हणजे निकाल लागेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं.) कारण मला पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराशी वाद झाला होता, तो मिटेपर्यंत ते पैसे तिथे ठेवायचे होते. वाद मिटला की नाही, हे मी पुढे कधी पाहिलंच नव्हतं. वहीत काय करायचं ते होतं, का करायचं ते नव्हतं. त्या महिनाअखेरीला ती रोज उशिरापर्यंत बसली, हे मला नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिने स्वतः काही सांगितलं नाही.

तेव्हा तुमच्या रागातला हा भाग मला मान्य आहे, पूर्ण मान्य. पण चूक कुठे झाली? 34 दिवस घेण्यात नाही, सलग आणि शेवटी घेण्यात. वर्षभर आधीपासून दर महिन्याला तीन-तीन दिवस घेतले असते तर तिला माझ्याशिवाय काम करायची सवय लागली असती, आणि ‘का’ विचारायला मी परत आलेलो असतो. खरं तर रजेवर जाणं हीच कामं सोपवण्याची रंगीत तालीम असते. मी तालीम न करता थेट पडदा पाडला.

आणि एक विचारू? तुम्ही दोन महिने ते टेबल ओढलंत, त्याचा राग गेलेल्या माणसावर. त्याची निवृत्तीची तारीख तर तो रुजू झाला त्या दिवसापासून नोंदीत होती. रजेचा आकडा दर महिन्याला साहेबांच्या समोर जात होता. बदली माणूस आणायचा कोणी होता? 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने ही जबाबदारी मालकावरच टाकली: कर्मचाऱ्याला रजा घेण्याची खरीखुरी संधी दिली, ती बुडेल हे वेळेत सांगितलं, हे मालकाने सिद्ध करायचं. ते नाही दाखवता आलं तर नुसता अर्ज केला नाही म्हणून रजा बुडत नाही. जपानमध्ये एप्रिल 2019 पासून दहा किंवा जास्त दिवस रजा मिळणाऱ्याला वर्षातून किमान पाच दिवस रजा घ्यायला लावणं मालकाला बंधनकारक आहे. काम अडत असेल तर तिथे मालक रजेची तारीख पुढे ढकलू शकतो, पण निवृत्तीच्या तारखेपलीकडे नाही, कारण तिथे ढकलायला दिवसच उरत नाही.

तुमच्या 96 दिवसांबद्दल बोलावं की नाही, हे ठरत नव्हतं. तो निर्णय तुमचा. फक्त मी पाहिलेलं एक पान सांगतो. माझ्याआधी त्या टेबलावर जे होते त्यांनी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बँकेचा ताळमेळ पूर्ण करून सही केली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात काही कामाने आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेत, गेलो तर रजा नोंदवही उघडी होती. त्यांच्या नावापुढे, पैसे मिळायचे ते दिवस सोडून उरलेल्या 118 वर लाल शाईने आडवी रेघ आणि शेऱ्यात एकच शब्द: व्यपगत, म्हणजे बुडाले. रेघ मारणारा कारकून तेव्हा पुढच्या नावापर्यंत पोचलाही होता. त्या माणसाच्या निष्ठेबद्दल मला आजही आदर आहे, पण त्या वहीत निष्ठेचा रकाना नव्हता.

तुम्ही शेवटपर्यंत हजर राहायचं ठरवलंत तरी एक काम याच महिन्यात करा. आस्थापनेकडून तीन गोष्टी लेखी मागा: आजची शिल्लक, किती दिवसांचे पैसे मिळतील आणि ते कोणत्या वेतनावर. मग तुमच्याकडच्या नोंदीशी आकडा लावून बघा. माझ्यात चार दिवसांचा फरक निघाला. सहा वर्षांपूर्वी मंजूर झालेली आणि नंतर कामासाठी रद्द केलेली रजा त्यांच्याकडे घेतलेली म्हणूनच राहिली होती. रद्द केल्याचा कागद शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी तो माझ्याच खणात, सगळ्यात खाली सापडला.