दाराचा स्टॉपर घेण्याआधी मोजायची टेप काढा

पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, "स्टॉपर दाखवा" म्हटलं की काउंटरवर दहा नमुने येतात, आणि निवड होते ती हँडलच्या फिनिशला शोभणाऱ्याची. ऑफिस, दवाखाना, क्लास, कुठेही बघा, घोळ इथूनच सुरू होतो.

स्टॉपर दार आपटू देत नाही, होल्डर ते उघडं धरतो. कामं दोन. पायाने पाडायच्या रबरी टोकाच्या होल्डरने दार भिंतीवर आदळायचं थांबत नाही. मॅग्नेट कॅचर दोन्ही करतो, पण वळवाच्या वाऱ्यात वरच्या मजल्यावरचं जड दार त्याला जुमानत नाही. तिथे हुकाचाच लागतो. आणि डोअर क्लोजरला (दार आपोआप मिटवणारं, वर बसवलेलं यंत्र) स्टॉपर समजू नका, प्लीज. त्यातला बॅकचेक जोरात उघडणाऱ्या दाराचा वेग कमी करतो, दार अडवत नाही. रोज दार त्याच्यावर ताणलं की आर्म वाकतो, सील जाऊन तेल गळायला लागतं.

सगळ्यात जास्त चूक होते जागेत. 900 मिमी रुंद दाराला बिजागरीपासून 300 मिमीवर स्टॉपर लावला, तर बाहेरच्या कडेला दिलेला रेटा स्टॉपरवर तिप्पट होऊन पडतो आणि बिजागरीवर दुप्पट. स्क्रू उपटतात, शिव्या सुताराला. म्हणून स्टॉपर बाहेरच्या कडेकडे, साधारण 75 ते 100 मिमी आत. फरशीवरचा असेल तर भिंतीपासून फार लांबही नको, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येतो. हँडल किती पुढे आलंय तेही मोजा. 60 मिमीचं हँडल आणि 40 मिमीचा वॉल स्टॉपर म्हणजे भिंतीला खड्डा ठरलेला.

भिंत जिप्समची असेल तर वॉल स्टॉपर बोर्डात घुसतो. पार्टिशन करतानाच मागे प्लायची पट्टी टाकून घ्या. व्हिट्रिफाइड फरशीला ड्रिलवर टाइलचा बिट, हॅमर मोड बंद. टाइल पार झाली की मग हॅमर. भोकातली धूळ काढा, नाहीतर गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लग) आतल्या आत फिरत राहते. टॉयलेटच्या फरशीत भोक नकोच. वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्या मजल्यावाल्यांशी वर्षभराचं भांडण.

जिन्याच्या फायर डोअरबद्दल मात्र माझं मत टोकाचं आहे. तिथे वीट, कुंडी (कहर म्हणजे फायर एक्स्टिंग्विशरच!) टेकवलेली दिसते. त्या दाराचं कामच आपोआप मिटून धूर जिन्यात न येऊ देणं. पायाचा होल्डर, हुक, मॅग्नेट कॅचर, 90 अंशांना थांबणारा क्लोजर, सगळं बाद. उघडं ठेवायचंच असेल तर फायर अलार्म पॅनेलला जोडलेला इलेक्ट्रोमॅग्नेटिक होल्डर, बहुधा 24 व्होल्ट डीसीचा. अलार्म झाला किंवा पुरवठा तुटला की चुंबक सोडतो आणि क्लोजर दार मिटवतो. वायरिंग लागतं, त्यामुळे फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत ठरवा.

जानेवारी-जुलैत फॉर्म 'बी'साठी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) एजन्सीची माणसं येतात, तेव्हा अलार्म द्यायला लावून प्रत्येक दारापाशी स्वतः उभे राहा. दार नुसतं मिटून भागत नाही, लॅच खटकन बसली पाहिजे. बोटभर फट राहत असेल तर क्लोजरचा लॅचिंगचा स्क्रू थोडा थोडा फिरवून बघा. पूर्ण सैल करू नका, तेल बाहेर येतं.