पकड हे बळ, पण अर्धेच
रंगमंचावर स्वतः गाजवलेले नाटक तोच नट चित्रपटात आणतो, तेव्हा संहितेवरील पकड हे त्याचे बळ ठरते, हे नाटकांवरून केलेल्या चित्रपटांविषयीच्या एका लेखातील मत मला अर्धेच पटले. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात काय किंवा जत्रेतल्या दशावतारात काय, नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवतो आणि हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य रोखून धरतो. कॅमेऱ्यापुढे हीच सवय भडक दिसते. सुबोध भावे यांनी २०१५ मध्ये दिग्दर्शनातील पदार्पणासाठी १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक निवडले आणि जुन्या नाट्यपदांच्या जोडीला नवी गाणी घेतली, ते धाडस (गाणी थोडी जास्तच झाली, तो भाग वेगळा) योग्यच होते. मालवणी नाटकावर चित्रपट करणाऱ्याने मात्र समुद्र आणि माडांची दृश्ये पेरण्याआधी संवाद छाटायला बसावे.